सुमनताईंचा डी ड्राइव्ह

भूत, करणी, अंगात येणं... आमच्या घरात या शब्दांना थारा नव्हता. छप्पन साली आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देवांचे टाक, अंगारे, ताईत सगळं नदीला सोडलं, आणि त्यानंतर कडावच्या आमच्या घराची पायरी एकही भगत चढला नाही. वडील सांगायचे, “जे दिसत नाय त्याला भ्यायचं नाय. आन जे दिसतंय त्याला तर आजिबात नाय.” मी त्याच वाक्यावर वाढलो.

त्यात माझा धंदा कम्प्युटर दुरुस्तीचा. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी आवडीने वाचतो, पण खरं सांगतो, अर्ध्याअधिक वेळा मनात येतं — आधी वायरिंग तपासा हो. आज माझाच अनुभव लिहायला बसलोय, कारण त्या वेळी वायरिंग मी तपासलं होतं. वायरिंग, केबल, कार्ड, बॅटरी, अर्थिंग, सगळंच.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या अगदी शेवटची. कल्याणच्या एका एजन्सीत मी सर्व्हिस इंजिनिअर होतो. कर्जत-खालापूर पट्ट्यात तेव्हा कम्प्युटर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यातले बहुतेक मोहोपाड्याच्या केमिकल कंपन्यांत. मी कडावचा, म्हणून हा भाग एजन्सीने माझ्याच गळ्यात घातलेला. मोटारसायकलने कर्जतहून चौक, उजवीकडे इर्शाळगड, तिथून आत वळून मोहोपाडा. गाव यायच्या आधी वास यायचा. त्या वासाची सवय झाली की माणूस तिथला झाला, असं कंपन्यांच्या कॉलनीतले लोक म्हणायचे.

त्यातल्या एका कंपनीत — नाव घेत नाही, आता ती बंदही पडली — ऑफिसात एक पीसी-एटी कम्प्युटर होता. काचेची केबिन, एसी, बाहेर चपला काढायच्या. त्या मशीनवर बसायच्या सुमनताई. खालापूरच्या, बीएस्सी केमिस्ट्री, लग्न केलेलं नव्हतं, घरी फक्त म्हातारी आई. लॅबमधून कम्प्युटरवर आल्या आणि माझ्याकडची मॅन्युअलं नेऊन नेऊन प्रोग्राम लिहायला शिकल्या. मी सर्व्हिसला गेलो की आधी डबा पुढे सरकवायच्या. “जाधव, जेवून घ्या. उपाशी माणसाने मशीन उघडलं की स्क्रू हरवतात.” त्या हसायच्या कमी, पण बोलायच्या अशा.

त्यांनी एक प्रोग्राम लिहिला होता. कोणत्या रिअ‍ॅक्टरमध्ये कोणतं रसायन किती घालायचं त्याचा आकडा टाकला की चिठ्ठी छापून यायची, ती चिठ्ठी प्लॅन्टवर जायची, त्याप्रमाणे कामगार माल ओतायचे. त्यात त्यांनी एक गोष्ट घातली होती, मला कौतुकाने दाखवलीही होती. आकडा धोक्याच्या मर्यादेवर गेला की मशीन तीनदा बीप करायचं आणि बसणाऱ्याने सुरुवातीला टाकलेलं नाव घेऊन इंग्रजीत विचारायचं — अमुक सर, क्वांटिटी अबव्ह सेफ लिमिट, प्रोसीड? वाय ऑर एन. वाय म्हणजे हो, एन म्हणजे नाही.

“नाव कशाला घालता?” मी विचारलं होतं.

“नाव घेतलं की माणूस थांबतो,” त्या म्हणाल्या.

मध्ये बरेच महिने माझं तिकडे जाणं झालं नाही, मशीन चांगलं चालत होतं. दिवाळीनंतर कॉल आला. गेलो तर सुमनताईंच्या खुर्चीत त्यांची मदतनीस रंजना बसलेली. तिथलीच मुलगी, डेटा एन्ट्री करायची.

“ताई कुठायत?”

ती स्क्रीनकडेच बघत राहिली. “ताई गेल्या, जाधवदादा. पावसात गेल्या. कावीळ झाली हुती.”

तेवढ्यात केळुसकर साहेब आत आले, प्रॉडक्शन मॅनेजर. गोरे, नीटनेटके, आवाज कधी चढवायचे नाहीत. त्यांनी काम सांगितलं. त्या मशीनची हार्ड डिस्क चाळीस एमबीची, मीच तिचे दोन सारखे भाग पाडले होते. पहिल्या भागात, म्हणजे सी मध्ये, मशीन सुरू करणारी सिस्टीम डॉस आणि अकाउंट्स. दुसऱ्यात, डी मध्ये, सुमनताईंचं काम. अकाउंट्सना जागा पुरेना, तेव्हा सी मोठा करायचा आणि डी लहान.

यात गैर काही नव्हतं. आमच्या भाषेत सांगायचं तर दोन शेतांमधला बांध सरकवायचा. फरक एवढाच की त्या काळी डिस्कवरचा बांध नुसता सरकत नसे, दोन्ही शेतं मोडून पुन्हा आखावी लागत. म्हणजे सगळा डेटा फ्लॉपीवर काढायचा, डिस्कचे भाग पुसायचे, नवे पाडायचे, फॉरमॅट करायचं, डेटा परत भरायचा. अख्ख्या दिवसाचं काम.

“डी मधलं परत भरू नकोस,” केळुसकर म्हणाले. “तो प्रोग्राम सदोष होता.”

रंजना उभी राहिली. “साहेब, ते ताईंचं काम हाय. फ्लॉप्यांवर तरी...”

“फ्लॉप्याही फॉरमॅट करा. माझ्यासमोर.” मग माझ्याकडे वळून, अगदी मऊ आवाजात, “आणि जाधव, डिस्क अशी पूस की पुन्हा कुणाला काही काढता येणार नाही.”

साध्या फॉरमॅटने जुनं पूर्ण पुसलं जात नाही, हे त्यांनी कुठून तरी ऐकलेलं असावं. मी लो-लेव्हल फॉरमॅट मारला. त्याने डिस्क कारखान्यातून आल्यासारखी कोरी होते, सगळीकडे एकच खूण भरली जाते. साहेब खुर्ची ओढून शेजारी बसून होते. मला तेव्हा नवल वाटलं, एवढा मोठा माणूस कामं सोडून इथे का बसलाय. पुसून झाल्यावर मी नवे भाग पाडले, सी मोठा, डी एवढासा. डॉस चढवला, अकाउंट्स परत भरले. मशीन बंद करून चालू केलं. सुरळीत सुरू झालं. साहेबांनी मान हलवली आणि मी निघालो.

दुसऱ्या दिवशी एजन्सीत फोन. मशीन सुरू होत नाही.

गेलो. स्क्रीनवर एकच ओळ होती — मिसिंग ऑपरेटिंग सिस्टीम. भाग बदलल्यावर हा प्रकार नेहमीचा, माझ्या कपाळावर आठीही पडली नाही. डिस्कच्या पहिल्याच जागेत एक छोटी नोंद असते, कोणत्या भागातून सुरू व्हायचं त्याची. ती नोंद सी कडे असावी लागते. मी फ्लॉपीवरून मशीन सुरू करून बघितलं तर नोंद डी कडे होती. त्या कोऱ्या, रिकाम्या भागाकडे. वाटलं, मी गेल्यावर कुणीतरी चुकून हात लावला असेल. नोंद सी कडे केली, मशीन सुरू झालं, रंजनाने चहा आणला, मी घरी गेलो.

पुन्हा फोन. पुन्हा तीच ओळ. पुन्हा नोंद डी कडे.

यानंतर काय काय केलं ते सगळं सांगत बसलो तर तुम्ही कंटाळाल. कंट्रोलर कार्ड बदललं. केबल बदलली. बोर्डावरची बॅटरी बदलली. व्हायरस असेल म्हणून तपासलं, तेव्हा फ्लॉप्यांमधून व्हायरस फिरायला लागले होते. काही सापडलं नाही. मशीन उचलून कल्याणला वर्कशॉपमध्ये नेलं, तिथे आठवडाभर बंद-चालू, बंद-चालू करत राहिलो. एकदाही अडलं नाही. टेंपोत घालून परत आणलं, केबिनमध्ये लावलं, रंजनासमोर सुरू केलं. चाललं. केळुसकर दारात आले आणि म्हणाले, “झालं का एकदाचं? जरा बंद करून चालू करून दाखव.”

मी बंद केलं. चालू केलं. मिसिंग ऑपरेटिंग सिस्टीम.

ते वैतागून निघून गेले. मी नोंद सरळ केली, मशीन सुरू झालं. रंजना हळूच म्हणाली, “दादा, तुमच्या ध्यानात नाय आलं का अजून? साहेब रजेवर असले का दिवसभर चालतंय. साहेब केबिनीत आले आन मशीन बंद करून लावलं, का बसलंच.”

मी हसलो. “मशीनला काय नाक आहे का, साहेबांचा वास घ्यायला?”

“हसू नगा. जेवायला कॅन्टीनला या, सांगते.”

कॅन्टीनच्या मागे एक बाक होतं, तिथे बसून तिने सांगितलं. सुमनताईंचं नुसतं जाणं मी ऐकलं होतं. त्याच्या आधीचं मला काहीच ठाऊक नव्हतं.

उन्हाळ्यात एक मोठी ऑर्डर होती. केळुसकरांना ती लवकर काढायची होती. ताई जेवायला गेल्या असताना ते स्वतः मशीनवर बसले आणि एका बॅचचा आकडा वाढवून टाकला. मशीनने तीनदा बीप केलं, त्यांचं नाव घेऊन विचारलं. रंजना शेजारच्या टेबलावर होती. बीप तिने ऐकले. साहेबांनी वाय दाबलं, चिठ्ठी छापली, प्लॅन्टवर पाठवली. रिअ‍ॅक्टर उतू गेला. त्या पाळीला पांडुरंग भोईर म्हणून कळंबचा कामगार होता. त्याचा एक डोळा गेला, हाताची कातडी गेली.

चौकशी लागली. मुंबईहून थोरले डायरेक्टर आले. केळुसकरांनी सांगितलं, प्रोग्रामने चुकीचा आकडा छापला. ताई म्हणाल्या, प्रोग्राम विचारतो, विचारल्याशिवाय छापतच नाही. साहेब म्हणाले, असा कुठलाही प्रश्न त्यात नाही, बघा पाहिजे तर. आणि खरंच नव्हता. चौकशीच्या आदल्या दिवशी कुणीतरी तेवढाच भाग काढून टाकला होता. केबिनची किल्ली दोघांकडेच असायची, ताईंकडे आणि साहेबांकडे.

“तू बोलली नाहीस?”

“बोलले,” रंजना म्हणाली. “मी बीप आयकले म्हनून सांगितलं. साहेब म्हनले, ही तिची मैत्रीण हाय, तिला काय इचारता. मला बाहेर काढलं.”

ताईंना निलंबित केलं. त्या घरी बसल्या. पांडुरंगाची बायको खालापूरला त्यांच्या दारात जाऊन रडली, भांडली, तळतळाट दिले. तिचं तरी काय चुकलं, तिला सांगितलंच तसं होतं. बाजारात लोक ताईंकडे बोट दाखवायचे, हिने टाइप केलं आणि पोराचा डोळा गेला म्हणून. पावसात कावीळ झाली. डॉक्टर म्हणाले, औषध चालतंय पण माणूस साथ देत नाही.

“शेवटी मी भेटाया गेले तवा त्या एकच बोलत हुत्या,” रंजना म्हणाली. “त्याला इचारलं हुतं. मी त्याला इचारलं हुतं.”

मी ज्या हातांनी ताईंचा डबा खाल्ला होता त्याच हातांनी त्यांचं सगळं काम पुसलं होतं, आणि तो माणूस शेजारी बसून खात्री करून घेत होता. त्या दिवसापासून मला ते मशीन दुरुस्त करायची घाई राहिली नाही. लाज वाटत नाही सांगायला. केळुसकर दारात आले आणि स्क्रीनवर ती ओळ आली की मला आतून बरं वाटायला लागलं. भूत-बित मी तेव्हाही मानत नव्हतो. मला वाटत होतं की रंजनाच काहीतरी करते आहे, आणि मनात म्हणत होतो, कर बाई.

पण ती करत नव्हती. हे मला केळुसकरांमुळेच कळलं.

त्यांनाही संशय आलाच. एक दिवस मला केबिनमध्ये उभं केलं. “तू आणि ही मुलगी मिळून खेळ करताय. मला कळत नाही असं समजू नकोस.” त्यांनी एजन्सीत फोन करून माझ्या मालकाला सांगितलं की पुढच्या आठवड्यात डायरेक्टर येणार आहेत, त्यांना नव्या पद्धतीने अकाउंट्स आणि प्रॉडक्शन दाखवायचंय, मशीन अडलं तर सगळ्या कंपन्यांना सांगून तुमची कामं बंद करीन. मालकाने मला सरळ सांगितलं, “अडलं तर इकडे येऊ नकोस.” घरी धाकट्या बहिणीचं लग्न ठरलेलं, माझ्या पगारावर सगळं. मी घाबरलो, हेही खरं.

केळुसकरांनी स्वतः बंदोबस्त केला. मशीन माझ्याकडून एकदा नीट करून घेतलं, मग रंजनाला दुसऱ्या टेबलावर बसवलं, केबिनला नवं कुलूप लावलं. मशीनच्या पुढच्या बाजूला कीबोर्डचं कुलूप असायचं, त्याचीही किल्ली खिशात घातली. फ्लॉपीचा एकही डबा आत ठेवला नाही. डायरेक्टर येईपर्यंत त्या खोलीत त्यांच्याशिवाय कुणी गेलं नाही, आणि त्यांनीही मशीन लावून बघितलं नाही. मला वाटतं, हिंमत झाली नसावी.

डायरेक्टर आले ते सकाळी. थोरले म्हातारे गृहस्थ, पांढरा सफारी, हातात काठी. बरोबर अजून दोघे. केबिनमध्ये सगळे मावेनात म्हणून काचेचं दार उघडंच ठेवलं. केळुसकरांनी मला आणि रंजनाला बाहेर, समोरच्या भिंतीला टेकून उभं केलं. “हात दिसतील असे ठेवा,” असं म्हणाले. शाळेत शिक्षा केल्यासारखे आम्ही उभे. तिथून स्क्रीन स्पष्ट दिसत होता.

त्यांनी कीबोर्डचं कुलूप उघडलं, मशीन चालू केलं. मेमरी मोजून झाली. हार्ड डिस्कचा लाल दिवा लागला, आणि बराच वेळ लागलेलाच राहिला. माझं लक्ष त्या दिव्यावर. मला वाटलं, आता ती ओळ येणार आणि आपली नोकरी जाणार.

ती ओळ आली नाही. तीनदा बीप झालं.

रंजनाने माझं मनगट धरलं.

स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत आलं — केळुसकर सर, क्वांटिटी अबव्ह सेफ लिमिट. प्रोसीड? वाय ऑर एन.

साहेबांनी नाव टाकलं नव्हतं. आकडा टाकला नव्हता. एकही बटण दाबलेलं नव्हतं.

“हे काय आहे?” थोरल्या डायरेक्टरांनी विचारलं.

“काही नाही सर, जरा... एक मिनिट.” केळुसकरांनी एन दाबलं. तीन बीप. तोच प्रश्न. परत एन. तीन बीप. त्यांनी मशीन बंद केलं, पंखा थांबेपर्यंत वाट बघितली, चालू केलं. लाल दिवा. तीन बीप. केळुसकर सर...

म्हातारे पुढे वाकले, चष्मा वर केला, ओळ नीट वाचली. मग काठी दोन्ही हातांत धरून सरळ उभे राहिले. “मिस्टर केळुसकर, त्या बाई चौकशीत जे सांगत होत्या ते हेच ना?”

“सर, हे या पोरांनी घातलंय. हा जाधव...”

“खोलीची किल्ली कुणाकडे होती?”

साहेबांचा हात खिशाकडे गेला.

“तुम्हीच मला खाली सांगितलंत की आठवडाभर कुणाला आत जाऊ दिलं नाही. तुम्ही तेव्हा म्हणाला होतात, असा प्रश्न या प्रोग्राममध्ये नाहीच.”

केळुसकर एन दाबत राहिले. एकामागून एक. प्रत्येक वेळी तीन बीप. ऑफिसातली माणसं टेबलं सोडून दाराशी येऊन उभी राहिली होती. एसी चालू असून साहेबांच्या शर्टाची पाठ भिजली. मला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही. मला वाटत होतं, विचार त्याला. अजून विचार.

“वाय दाबून बघा,” डायरेक्टर म्हणाले.

“नको सर.”

“दाबा.”

केळुसकरांनी बोट पुढे नेलं. त्यांनी वाय दाबलं.

बीप थांबले. स्क्रीन पुसला गेला आणि वरच्या कोपऱ्यात साधा सी प्रॉम्प्ट आला, रोज सकाळी येतो तसा. मशीन वाट बघत होतं, आता काय करायचं म्हणून.

साहेब खुर्चीत मागे टेकले. कुणाकडेही न बघता म्हणाले, “तेव्हा पण हेच दाबलं होतं मी. ऑर्डर अडली होती, सर.”

ते मशीन त्यानंतर कधी अडलं नाही.

डायरेक्टर गेल्यावर त्यांच्याच सांगण्यावरून मी डिस्क तपासली. डिस्कचा एक-एक सेक्टर, म्हणजे एक-एक कप्पा, उघडून बघता येईल अशी युटिलिटी माझ्याकडे होती. नोंद सी कडेच होती, मी करून ठेवली तशी. डी उघडला. पहिल्यापासून शेवटपर्यंत कोरा. फाईल नाही, फाईलचा तुकडा नाही, लो-लेव्हल फॉरमॅटने भरलेली ती एकच खूण, ओळीमागून ओळ. सी मध्येही असला काही प्रोग्राम नव्हता. जे आम्ही सगळ्यांनी, त्या म्हाताऱ्या गृहस्थांसकट, डोळ्यांनी वाचलं ते त्या डिस्कवर कुठेच नव्हतं. एखादी चिप बदललेली असेल म्हणून मी बोर्डही उघडून बघितला. धुळीवर बोट लागल्याची खूण नव्हती.

केळुसकरांना राजीनामा द्यायला लावला. पांडुरंगाला कंपनीने कॉलनीच्या गेटवर बसून करायचं काम दिलं. सुमनताईंचा काही दोष नव्हता हे सांगायला कंपनीचा माणूस आणि रंजना खालापूरला गेले, मीही गेलो. ताईंची म्हातारी आई ओट्यावर वाल सोलत होती. सगळं ऐकून घेतलं तिने.

“आता सांगाया आलात,” ती म्हणाली. “ती हुती तवा कोन आला नाय.” आणि परत वाल सोलायला लागली. कंपनीचा माणूस उभ्याउभ्याच निघाला. मी आणि रंजना बसून राहिलो, आणि निघताना म्हातारीने रंजनाच्या तोंडावरून हात फिरवला. माझ्याकडे बघितलं नाही. मला ते बरोबरच वाटलं.

याच्यापुढचं मी फारसं कुणाला सांगितलेलं नाही.

काही वर्षांनी कर्जतला एसटी स्टँडजवळ मी वडापाव खात उभा होतो. भर दुपार. कुणीतरी खांद्यावर हात ठेवला. केळुसकर. मी ओळखलं नसतं. अंगावरचे कपडे तसेच स्वच्छ, पण माणूस आत आक्रसलेला. नेरळला भाड्याने राहतो म्हणाले. दोन नोकऱ्या लागल्या होत्या, दोन्ही सोडल्या. कम्प्युटर असलेल्या ऑफिसात बसवत नाही. बँकेत मशीन आलं तेव्हापासून पैसे काढायलाही मुलाला पाठवतात. अडतंय वगैरे काही नाही, मशीनं सगळी चालतात. “पण ते सुरू होतं ना, त्याच्या आधी क्षणभर... तू ऐकलेलेस ते बीप.”

मी वडापावचा एक घास घेतला.

“जाधव, आता मला राग नाही,” ते म्हणाले. “खरंच नाही. सगळं संपलंय. मला फक्त खरं सांग. तो प्रोग्राम तूच घातला होतास ना डिस्कवर? त्या मुलीच्या सांगण्यावरून? आधीच, मी किल्ली घेण्याच्या आधी?”

त्यांचे डोळे माझ्या तोंडाकडे लागलेले. मी हो म्हणावं म्हणून त्या माणसाने हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले होते. एक शब्द. मी केलं साहेब, पोरखेळ केला, माफ करा. एवढं म्हणालो असतो तर तो माणूस त्या दिवशी शांत झोपला असता. दोन पोरांनी केलेली लबाडी, एवढंच मग उरलं असतं.

मला सुमनताईंचा डबा आठवला नाही की त्यांचा चेहरा आठवला नाही. मला आठवलं ते केळुसकरांनी शेजारी खुर्ची ओढून बसणं.

“नाही साहेब,” मी म्हणालो. “मी नंतर सगळी डिस्क बघितली. तुम्ही सांगितलं होतंत तशीच मी ती पुसली होती. कोरी होती.”

त्यांनी मान हलवली. नेरळची गाडी लागली होती, तरी ते बाकावर बसले. मी वडापाव संपवला, हात धुतले आणि मोटारसायकल काढली.

तीसेक वर्षं कम्प्युटर दुरुस्त करतोय. यानंतर त्या डिस्कचा विचार मी हज्जारदा केला असेल. इथे इंजिनिअर मंडळी असतील, त्यांना काही सुचलं तर जरूर लिहा, मी मनापासून वाचेन. मला आजवर सुचलेलं नाही. त्या दुपारी स्टँडवर मी केळुसकरांना जे सांगितलं ते सूड म्हणून सांगितलं, हे मला पक्कं ठाऊक आहे. आणि त्यात एकही अक्षर खोटं नव्हतं.